अस्वलाचं वजन

अध्यक्षांना सगळे अध्यक्ष म्हणत. बायको म्हणे, शेजारी म्हणत, दुकानात चष्म्याची काडी बदलायला आलेलं गिऱ्हाईकही म्हणे. एवढ्या लोकांनी म्हटल्यावर माणूस कशाचा तरी अध्यक्ष असायलाच हवा, आणि ते होतेही. फडताळप्रेमी मंडळाचे. मंडळाचे सभासद पाच. त्यातल्या एक अध्यक्षांच्या पत्नी. त्यांना सभासद करताना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही चहा करण्यापलीकडे मंडळाच्या कारभारात कधी लक्ष घातलं नव्हतं.

‘फडताळ’ हा टीव्हीवरचा बाहुल्यांचा कार्यक्रम. अध्यक्ष लहान असताना दर रविवारी सकाळी लागायचा. एका मोठ्या लाकडी फडताळाची दारं उघडायची आणि आतल्या फळीमागून एकेक बाहुली डोकं वर काढायची. बगळे गुरुजी सूत्रसंचालन करायचे आणि महत्त्वाच्या शब्दावर त्यांची चोच अडकायची. सुसरबाई गायच्या. दोन शेळ्या बातम्या द्यायच्या आणि शेवटी बातम्यांचा कागद खाऊन टाकायच्या. शिवाय दर खेपेला एक खराखुरा माणूस पाहुणा म्हणून यायचा आणि बाहुल्यांसमोर अवघडून बसायचा. तो कार्यक्रम बंद पडून इतका काळ लोटला होता की आता तो आठवणारी माणसं एकमेकांना शोधून काढत आणि सापडली की नातेवाईक भेटल्यासारखी वागत.

मंडळाची एक रीत होती. जुना भाग पाहण्याआधी त्याची उजळणी व्हायची. म्हणजे पडदा बंद ठेवून एकाने तो अख्खा भाग तोंडपाठ, हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून पाहून चुका काढायच्या. चुका काढण्यात मंडळाचा मुख्य आनंद होता. फक्त एका भागाला ही कसोटी नव्हती. पहिलवान पाहुणा आला होता तो भाग कुणाकडेच नव्हता, त्यामुळे त्याची नुसतीच उजळणी व्हायची आणि ती करण्याचा मान कायम अध्यक्षांचा.

त्या भागाचा कळस म्हणजे अस्वलाचं वजन. पहिलवान दुकानातल्या वजनकाट्यावर उभा राहतो, काटा गरकन फिरतो. मग एक अस्वल येतं, पुढे होतं आणि म्हणतं, आता माझं बघा. काटा हलत नाही. दुकानदार म्हणतो, “तुमचं वजनच नाही. म्हणजे तुम्ही नाहीच आहात.” अस्वल जरा विचार करतं, खाकरतं (एकदा मोठ्यानं, एकदा हळू, ही खाकर अध्यक्ष फार छान करत) आणि विचारतं, “नाही तर नाही. मग भूक कुणाला लागली?”

इथे मंडळ हसून लोळायचं. ‘मग भूक कुणाला लागली?’ हे मंडळाचं घोषवाक्यच झालं होतं. बिस्किटांची बशी आली की म्हणायचं, सभा लांबली की म्हणायचं. दातांचे डॉक्टर ते दवाखान्यात भूल दिलेल्या पेशंटलाही म्हणत, आणि पेशंटला हसता येत नसे. रिटायर्ड पोस्टमास्तरांना तर ते अस्वल स्वच्छ आठवत होतं. त्याचं नाक लाल रफू केलेलं होतं आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा होता, हे अध्यक्षांनी सांगितल्यावर पोस्टमास्तर म्हणाले होते, “डावा. डावा डोळा मोठा. मी विसरेन होय?”

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मंडळात ग्रंथपालबाई आल्या.

ग्रंथपालबाई फडताळाच्या निस्सीम भक्त होत्या, पण त्यांच्या भक्तीला पुरावा लागायचा. पहिल्याच सभेत अध्यक्षांनी अस्वल सादर केलं, सगळे हसले, त्याही हसल्या, आणि हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हे अस्वल बाकीच्या कुठल्याच भागात कसं नाही?”

“पाहुणं अस्वल होतं,” डॉक्टर म्हणाले.

“पाहुणा तर पहिलवान होता.”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. दिवसभर दुसऱ्यांना ‘ही ओळ दिसते का, ती दिसते का’ विचारणाऱ्या माणसाला ‘तुम्हाला नक्की दिसलं होतं का’ असं कुणी विचारावं, हे त्यांना फार लागलं.

“बाई, मी ते अस्वल या डोळ्यांनी पाहिलंय,” ते म्हणाले. “तो भाग मी मिळवतो. त्यात अस्वल नसलं, तर अध्यक्षपद तुमचं.”

वास्तविक ते पद कुणी मागितलं नव्हतं. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं. पत्नी दारातून म्हणाल्या, “अहो, दुसरं काही पणाला लावायला नव्हतं का? लोक आता तुम्हाला हाक काय मारणार?” हा प्रश्न वाटतो तितका थट्टेचा नव्हता. रात्री अंथरुणावर पडल्यावर अध्यक्षांनी आपल्या मूळ नावाने स्वतःला हाक मारून पाहिली आणि त्यांना ती परक्या माणसाची वाटली.

सगळ्यात जास्त विरोध केला तो दादाने. दादा म्हणजे अध्यक्षांचे थोरले बंधू. दोघांचं दुकान एकच. पुढच्या अर्ध्या भागात अध्यक्ष चष्मे विकत आणि मागच्या अर्ध्या भागात दादा डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करत बसे. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता, धाकट्याच्याच घरात राहत होता आणि मंडळाच्या सभेला न चुकता गैरहजर असे. सभा असली की त्याला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघायचं.

“जुनं उकरून काय मिळणार आहे?” दादा खाकरत म्हणाला. “चाललंय ते बरं चाललंय.”

“प्रश्न अब्रूचा आहे.”

“कुणाच्या? अस्वलाच्या?”

सख्ख्या भावाला मंडळाचं मोल कळू नये याचं दुःख त्यांनी याआधीही मूग गिळून सोसलं होतं.

टीव्ही केंद्राच्या जुन्या फितींचं कोठार एका इमारतीच्या तळघरात होतं. तिथल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “विषय?”

“बाहुल्या.”

“असा विषय नाही.”

“मनोरंजन?”

“कार्यक्रमात कोण कोण आहे?”

“बगळा, सुसर, दोन शेळ्या.”

“मग असं सांगा ना,” कारकून म्हणाला आणि त्यांना शेती व पशुपालन विभागाकडे पाठवलं. तिथे फडताळाचे भाग खरंच होते. ‘जनावरांचे लसीकरण’ आणि ‘सुधारित गोठा’ यांच्या मधोमध, व्यवस्थित. पण प्रत फक्त संशोधनासाठी मिळत असे, आणि विभागाच्या बाईंना संशोधनाचा हेतू हवा होता. अध्यक्षांनी बाणेदारपणे सांगितलं, “बालमनावर होणारे परिणाम.”

“कुणावर झालाय का परिणाम?”

“माझ्यावर झालाय.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि शिक्का मारला.

प्रत मिळाली ती जुन्या जाडजूड कॅसेटमध्ये. ती लावायचं यंत्र आता कुणाकडे असणार? खालच्या मजल्यावरच्या काकांनी यंत्राबद्दल काही सांगितलं नाही, पण कॅसेटबद्दल सांगितलं. जुन्या फितीला बुरशी लागते, ती फ्रीजमध्ये ठेवावी. समोरच्या काकू म्हणाल्या, “फ्रीजमध्ये? भलतंच काय! ऊन दाखवा ऊन.” अध्यक्षांना दोघांशीही संबंध राखायचे होते. त्यामुळे कॅसेट सकाळी खिडकीत आणि दुपारी दुधाच्या पातेल्याशेजारी अशी राहू लागली, आणि पत्नीने विचारलं की हिला जेवायलाही वाढायचं का.

यंत्र अखेर दातांच्या डॉक्टरांच्या माळ्यावर सापडलं. पूर्वी डॉक्टर त्यावर दवाखान्यात बसलेल्या लोकांना दात कसे घासावेत हे दाखवत असत. घासण्याची कॅसेट आतच अडकली होती आणि यंत्र तिला सोडायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी दात उपटायच्या चिमट्याने प्रयत्न करून पाहिला आणि त्यात यंत्राचा एक तुकडा बाहेर आला. साहजिकच यंत्र दादाकडे गेलं.

आता दादाचा हात असा होता की बंद पडलेलं घड्याळ त्याच्या टेबलावर नुसतं ठेवलं तरी चालू होईल, असं गिऱ्हाइकं म्हणत. पण हे यंत्र काही केल्या होईना. आज पट्टा मिळत नव्हता, उद्या स्क्रू. मग यंत्राला तेल घालून ‘मुरत’ ठेवलं. अध्यक्ष पुढच्या बाजूने विचारत, “झालं का रे दादा?” आणि मागून उत्तर यायचं, “घाईचं काम नाही.” एकदा तर यंत्र टेबलावरून नाहीसंच झालं आणि पडद्यामागच्या रिकाम्या खोक्यांखाली मिळालं. दादा म्हणाला, धूळ बसू नये म्हणून ठेवलं. खोक्यांवर बोटभर धूळ होती.

इकडे ग्रंथपालबाई रोज दुकानावरून जाताना नमस्कार करत. नुसता नमस्कार. पण अध्यक्षांना त्यात ‘मिळालं का अस्वल?’ असं स्पष्ट ऐकू यायचं. त्यांची झोप उडाली, कामात चुका होऊ लागल्या. एका शिक्षकाला त्यांनी त्याच्या सासूचा चष्मा दिला आणि तो बिचारा आठवडाभर घरातला जिना चाचपडत उतरत होता. शेवटी एका सकाळी त्यांनी यंत्र उचललं आणि म्हणाले, “मी बाहेर दुरुस्तीला देतो.”

दादाने डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग त्याने यंत्र परत घेतलं आणि गिऱ्हाइकाचा चहा येईपर्यंत दुरुस्त करून दिलं. अध्यक्षांना राग यायला हवा होता, पण आनंदात ते विसरले.

रविवारी सकाळी सभा भरली. आधी उजळणी. अध्यक्षांनी त्या दिवशी अस्वल असं काही रंगवलं की खालचे काकाही जिन्यातून डोकावले. मग यंत्र सुरू झालं. पडद्यावर एक अवाढव्य दाढ आली. “ती संपू द्यावी लागेल, मधे थांबवलं तर पुन्हा अडकते,” डॉक्टर म्हणाले. मंडळाने दात घासण्याची संपूर्ण पद्धत गंभीरपणे पाहिली. पोस्टमास्तरांनी, आपले स्वतःचे दात उरले नसूनही, दोन शंका विचारल्या. दाढ गेली, कॅसेट बदलली, आणि फडताळाची दारं उघडली.

भाग सुंदर होता. बगळे गुरुजींची चोच अडकली. पहिलवान आला, लाजला, आणि सुसरबाईंबरोबर इतक्या नाजूक आवाजात गायला की पत्नीसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिल्या. शेळ्यांनी बातम्या दिल्या, बातम्या खाल्ल्या. दारं बंद झाली.

वजनकाटा नव्हता. दुकानदार नव्हता. अस्वल तर नव्हतंच.

“पुन्हा लावा,” पोस्टमास्तर म्हणाले. पुन्हा लावलं. अस्वल पुन्हा आलं नाही.

अध्यक्षांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ग्रंथपालबाई त्यांच्याकडे न बघता खिडकीकडे बघत होत्या, आणि ते जास्तच झोंबत होतं. तेवढ्यात डॉक्टर मदतीला धावले. “कापलंय. सरळ आहे. मधे फीत कापलीय.”

“कापलंच असणार,” पोस्टमास्तर ताडकन म्हणाले. “पशुपालन विभागात ठेवल्यावर काय होणार? मी पाहिलंय ना ते अस्वल! शेळ्यांच्या आधी आलं होतं.”

“नंतर,” डॉक्टर म्हणाले. “शेळ्यांच्या नंतर. मलाही आठवतंय.”

“वरपर्यंत तक्रार करू या. अध्यक्ष, तुम्ही फक्त हो म्हणा.”

अध्यक्षांनी फक्त हो म्हणायचं होतं. अब्रू वाचत होती, पद वाचत होतं, उलट एका अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस म्हणून भाव वधारला असता. ते हो म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात पत्नीने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, “दादा, चहा गाळला का?”

आतून दादा खाकरला. एकदा मोठ्यानं, एकदा हळू. “गाळतोय.”

ही खाकर अध्यक्षांनी जन्मभर ऐकली होती. दुकानात, जेवताना, बहिणीच्या लग्नात, वडील गेले तेव्हा. इतकी ऐकली होती की ऐकू यायचीच बंद झाली होती. आज ती ऐकू आली आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. दादा त्यांच्याकडे पाठ करून कप मांडत होता, आणि मांडलेले कप पुन्हा मांडत होता.

“दादा, अस्वल तू होतास?”

दादा वळला नाही. “मोजा होता. बाबांचा. त्याला मीच लाल दोऱ्यानं रफू केलं होतं, घरात दुसरा दोरा नव्हता.”

“मला तर टीव्हीवर पाहिलेलं आठवतंय.”

“तुला गालगुंड झालं होतं. तापात होतास. आपल्याकडे टीव्ही कुठे होता? घरमालकीणबाईंकडे जायचो आपण. पहिलवान येणार म्हणून तू आठवडाभर नाचत होतास, आणि नेमका पडलास आजारी. मला म्हणालास, तू बघून ये आणि मला सगळं सांग.”

“मग तू बघून आलास.”

“कुठला? बाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, गालगुंडाच्या घरातलं पोर आत नको. आमच्या पोरांना होईल. मी त्यांच्या जिन्यावर बसून राहिलो. आतून सगळे हसताना ऐकू येत होते.” दादाने एक कप उगाच पुसला. “घरी आलो तर तू डोळे लावून बसलेला. काय सांगणार? पलंगाच्या मागे बसलो आणि जे सुचलं ते केलं. पहिलवान येणार एवढं ठाऊक होतं, म्हणून काटा आणला.”

अध्यक्षांना एकदम दादाचं तेव्हाचं वय आठवलं. ते काही फार नव्हतं. जिन्यावर एकटं बसलेलं ते पोर डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना घरमालकीणबाईंचा असा संताप आला की बाई जाऊन जमाना झाला हेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

“नंतर तरी सांगायचंस.”

“सांगणार होतो. पण तू ते सगळ्या शाळेला सांगितलंस. मग कॉलेजात सांगितलंस. म्हटलं, मोठा झाला की विसरेल.” दादा पहिल्यांदा वळला. “तू त्याच्यावर मंडळ काढलंस!”

“आणि म्हणून यंत्र मुरत ठेवलंस होय?”

“मग काय करू? चारचौघांत तुझं हसं होताना बघू?”

बाहेर तक्रारीचा मजकूर तयार होत होता. ‘जाणूनबुजून’ हा शब्द घालायचा की नाही यावर डॉक्टर आणि पोस्टमास्तर भांडत होते. अध्यक्ष बाहेर आले आणि उभे राहिले. मंडळाच्या सभेत ते नेहमी बसून बोलत.

“तक्रार करायची नाही,” ते म्हणाले. “असं अस्वल टीव्हीवर कधी आलंच नव्हतं. आमच्या दादानं केलं होतं ते. मोज्याचं. माझ्यासाठी. मी आजारी होतो.” मग ग्रंथपालबाईंकडे वळून, “बाई, पद तुमचं.”

पोस्टमास्तर आपल्याला काय काय स्वच्छ आठवत होतं ते विसरण्याच्या प्रयत्नात होते. ग्रंथपालबाईंनी पदर सावरला आणि विचारलं, “म्हणजे फडताळाचा एक भाग असा आहे, जो एकाच माणसानं केला आणि एकाच माणसानं पाहिला?”

“तसं म्हणा.”

“आणि ते करणारे आत चहा गाळतायत?”

पुढचं सगळं बाईंनीच केलं. दादा नाही नाही म्हणत असताना त्याला सोफ्यामागे बसवलं. पत्नीने कपाटातून अध्यक्षांचा करडा मोजा आणून दिला आणि वर “नाकाला भोक आहेच” असंही सांगितलं. दादाने शर्टाची दोन बटणं धरून डोळ्यांच्या जागी लावून पाहिली, एक पडलं, ते राहू दिलं. सोफ्याच्या पाठीवर एक डोकं हळूहळू वर आलं आणि त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. म्हातारा माणूस मागे गुडघे मुडपून बसलाय हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही दिसत नव्हतं.

अस्वल काट्यावर चढलं. काटा हलला नाही. अध्यक्ष इतकी वर्षं करत आले होते त्यापेक्षा हे अगदी साधं होतं, हातवारे नाहीत, रंगवणं नाही, आणि कितीतरी चांगलं होतं. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तंतोतंत!” ते डॉक्टरांना म्हणाले. “अगदी असंच होतं. मी सांगत नव्हतो?”

“नाही तर नाही,” अस्वल म्हणालं आणि दोनदा खाकरलं. “मग भूक कुणाला लागली?”

मंडळ हसलं. नेहमीसारखं हसून पुढच्या गप्पांकडे वळणार, पण अस्वल काही खाली जाईना. ते अध्यक्षांकडे बघत तसंच थांबलं. आणि तेव्हा अध्यक्षांना आठवलं की हा विनोद इथे संपतच नव्हता. गाल सुजले होते, गिळवत नव्हतं, ते काही म्हणजे काही खात नव्हते. आई हात टेकून बाहेर गेली होती. आणि पलंगाच्या मागून मोज्याच्या तोंडात दुधात भिजवलेलं बिस्कीट धरून, अस्वल असंच थांबलं होतं.

“मला,” अध्यक्ष म्हणाले.

अस्वलाने बशीतलं एक बिस्कीट उचलून त्यांच्यापुढे धरलं. ते सगळ्यांसमोर त्यांनी खाल्लं. मग नवीन अध्यक्षांनी चहा मागवला.